बेसबॉलमधल्या बायरन बक्स्टनसारखा गुणी पण सारखा जखमी होणारा खेळाडू ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीत, किती किमतीचा धरायचा?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की असा खेळाडू मिळेल त्या भावात काढून टाकलेला बरा. हे वाक्य मी माझ्याच घरात ऐकलंय, म्हणून लिहितोय.

30 डिसेंबर 2023. आम्ही बॉस्टनजवळ राहतो, मेहुणा अटलांटाहून सुट्टीला आला होता. संकष्टी होती, मी मोदकांसाठी नारळ खवत बसलो होतो तेवढ्यात फोनवर बातमी, आमच्या बॉस्टनच्या रेड सॉक्सनी पिचर (चेंडू फेकणारा) क्रिस सेल अटलांटाच्या ब्रेव्हजला दिला, बदल्यात व्हॉन ग्रिसम हा 22 वर्षांचा पोरगा, आणि वर सेलच्या पगारातले 1 कोटी 70 लाख डॉलर आपणच भरायचे. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तुमचं गळकं पिंप आणून आमच्या दारात ठेवलंत." मी खवणी बाजूला सारली आणि चंद्रोदयापर्यंत आम्ही भांडलो.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की दुखापती नुसत्या मोजू नका, निवडून वेगळ्या करा. 2020 ते 2023 चार सीझन मिळून सेलनं सुरुवातीचा पिचर म्हणून फक्त 31 सामने सुरू केले, मान्य. पण त्यातला मोठा काळ टॉमी जॉन सर्जरीत (कोपराच्या फाटलेल्या लिगामेंटचं ऑपरेशन) गेला. 2022 ला यांकी स्टेडियमवर लाईन ड्राईव्ह (बॅटवरून सुसाट सरळ आलेला चेंडू) थेट हातावर आला, ती वाकडी झालेली करंगळी मी टीव्हीवर बघितलीय, अजून आठवली की कसंतरी होतं. पुढच्याच महिन्यात सायकलवरून पडून मनगट मोडलं. करंगळी पिचिंगच्याच हाताची, पण हे दोन्ही निव्वळ अपघात, पिचिंगनं हात झिजण्याशी यांचा काय संबंध? 2023 ला परत आला तेव्हा 102 इनिंगमध्ये 125 स्ट्राईकआऊट (फलंदाजाला तीन स्ट्राईकवर बाद करणं) काढले, हात संपलेला माणूस हे करत नाही.

2024 ला काय झालं? 18 विजय, 3 पराभव, ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, जितका कमी तितका चांगला) 2.38, 225 स्ट्राईकआऊट, नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) विजय, ईआरए, स्ट्राईकआऊट या तिन्हीत पहिला, वर्षाच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग अवॉर्ड. आणि धडधाकट म्हणून घेतलेला ग्रिसम त्या वर्षी दुखापतींतही अडकला आणि रेड सॉक्ससाठी जेमतेम 31 सामने खेळला. आता मेहुणा चारचौघांत सांगतो की मला आधीच माहीत होतं. अजिबात माहीत नव्हतं. बायको साक्षीला आहे.

बक्स्टनचं वेगळं आहे. त्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा झालंय, 2023 चे 85 सामने तो नुसता डीएच (फक्त फलंदाजी करणारा, फिल्डिंग न करणारा) म्हणून खेळला. ही तीच तीच दुखापत, हिची किंमत कापायचीच. पण 2021 ला 61 सामन्यांत 19 होमरन मारणारा माणूस आहे तो, तेव्हा वर्षाला 100 सामने मिळतील असं धरून भाव करा, 150 चं स्वप्न विकत घेऊ नका आणि समोरच्यालाही विकू नका. त्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ट्रेडला नाही म्हणायचा हक्क आहे हेही बघा, तो हो म्हणाल्याशिवाय तुमचा हिशोब कागदावरच.

एक सांगायचं राहिलं. सेलची पाठ 2024 ला ऐन प्लेऑफच्या तोंडावर धरली आणि तो खेळलाच नाही, 2025 च्या जूनमध्ये डाईव्ह मारताना बरगडी मोडली. मेहुणा हे दर फोनवर काढतो. पण पाठ धरायच्या आधी त्यानं 29 सामने सुरू केले होते, आणि ते 29 मी बॉस्टनमध्येच ठेवले असते.