केमोआधी वीर्य गोठवताना : संमतिपत्रातला एक रकाना

प्रश्न : आम्ही रावेर तालुक्यातले. माझं वय २९, यजमानांचं ३३. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही. त्यांना कॅन्सर निघालाय, पुढच्या आठवड्यात केमो सुरू होईल. डॉक्टरांनी त्याआधी वीर्य गोठवून ठेवायला सांगितलंय. जळगावच्या केंद्रानं दिलेल्या संमतिपत्रात ‘मृत्यू झाल्यास नमुन्याचं काय करायचं’ असा रकाना आहे. यजमान म्हणतात, कोरा सोडू. सासरे म्हणतात, आई-वडिलांचं नाव टाक. आणि पुढे कधी मूल झालं तर केळीच्या शेतात त्याला हक्क मिळेल का?

उत्तर : ताई, रकाना कोरा सोडू नका. त्यात मृत्यूचं नाव आहे म्हणून यजमानांचा हात अडखळतो, ते साहजिक आहे. पण सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा, २०२१ च्या कलम २२ नुसार, मृत्यू झाला किंवा माणूस निर्णय घेण्याच्या स्थितीत राहिला नाही तर काय करायचं, याची लेखी सूचना घेतल्याशिवाय केंद्राला नमुना गोठवताच येत नाही. म्हणजे हा आजाराबद्दलचा अंदाज नाही, प्रत्येकाला भरावा लागणारा मजकूर आहे.

तो नीट भरला नाही तर काय होतं, ते दिल्लीत दिसलं. एका अविवाहित तरुणानं २०२० मध्ये केमोआधी वीर्य गोठवलं आणि त्याच वर्षी तो गेला. तेव्हा हा कायदा आला नव्हता, मृत्यूनंतरची सूचनाही नव्हती, म्हणून रुग्णालयानं कोर्टाच्या आदेशाशिवाय नमुना दिला नाही. आई-वडिलांच्या बाजूनं उच्च न्यायालयाचा निकाल आला तो ४ ऑक्टोबर २०२४ ला. मुंबईत तर उलटं झालं. मुलानं ‘नष्ट करावा’ असं लिहून दिलं होतं, आणि २०२५ मध्ये नमुना निदान जपून ठेवावा एवढ्यासाठी आईला उच्च न्यायालय गाठावं लागलं.

रकान्यात यजमानांनी असं लिहावं : ‘माझा मृत्यू झाल्यास किंवा मी निर्णय घेण्यास असमर्थ झाल्यास हा नमुना माझ्या पत्नीच्या ताब्यात द्यावा. तिने तो स्वतःच्या गर्भधारणेसाठी वापरण्यास माझी संमती आहे. तिची इच्छा नसल्यास तो नष्ट करावा.’ तुमचं पूर्ण नाव आधारप्रमाणे घाला. शेवटचं वाक्य गाळू नका. उद्या कुणी ‘वंशासाठी’ म्हणून तुमच्यावर दबाव आणला, तर तेच वाक्य तुमच्या पाठीशी उभं राहील. सासऱ्यांचं नाव मात्र घालू नका. दोन दावेदार झाले की केंद्र हात वर करतं आणि प्रकरण औरंगाबाद खंडपीठात जातं. यजमान बरे झाले, मत बदललं, तर नमुना वापरण्याआधी संमती मागे घेता येते.

सही करण्यापूर्वी केंद्राचं या कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र बघा. ते पाच वर्षांचं असतं, मुदत तपासा. पुढचा उपचार जिथे घ्यायचा आहे, शक्यतो तिथेच गोठवा, कारण नमुने इकडून तिकडे हलवण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत. करारात वार्षिक शुल्क थकलं तर नमुना किती दिवसांत नष्ट करणार, ते शोधून वाचा. खरी गफलत तिथे होते : मोबाइल फक्त नवऱ्याचा, तो दवाखान्यात, स्मरणपत्र कुणी बघत नाही. तुमचा नंबर लिहून द्या. संमतिपत्र, करार आणि पावती यांच्या सही-शिक्क्याच्या प्रती घरी ठेवा. नमुना पहिल्या केमोच्या आधीच द्यायचा आहे, त्यामुळे ही कागदं या दोन-तीन दिवसांत उरका.

आता शेत. यजमान हयात असताना मूल झालं तर काहीच प्रश्न नाही. सहाय्यक प्रजनन कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे ते तुमचं दोघांचं जैविक अपत्यच, सगळ्या हक्कांसह. अडचण त्यांच्या पश्चात गर्भ राहिला तर येते. हिंदू वारसा कायद्याचं कलम २० वडिलांच्या मृत्यूवेळी पोटात असलेल्या बाळाला हक्क देतं. गोठवलेलं वीर्य म्हणजे पोटातलं बाळ नव्हे, म्हणून वडिलांच्या वाट्यात त्या मुलाचा दावा वादात सापडेल.

यावर उपाय मृत्युपत्राचा. न जन्मलेल्या मुलाच्या नावानं ते करायला जाऊ नका, त्यात कायद्याच्या अटी अवघड आहेत. यजमानांनी आपला सगळा हिस्सा तुमच्या नावे करावा, तुमच्याकडून तो मुलाला येईल. दोन साक्षीदार लागतात, ते बाहेरचे घ्या. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. आजारी माणसासाठी दुय्यम निबंधक घरीही येऊ शकतात, तसा अर्ज द्या. मृत्युपत्र नसेल तर त्यांचा हिस्सा तुम्ही आणि सासूबाई यांच्यात समान वाटला जाईल. सासरे पहिल्या वर्गाचे, म्हणजे सर्वांत आधी हक्क असलेले, वारस नाहीत.

मात्र आधी जमीन आली कुठून, ते बघा. तलाठ्याकडून जुने फेरफार काढा. वडिलोपार्जित असेल तर यजमानांचा हिस्सा आजही आहे. सासऱ्यांनी स्वतः घेतली असेल, तर ते असेपर्यंत यजमानांना त्यात वाटा नाही आणि मृत्युपत्रात ती लिहून उपयोग नाही. अशा वेळी सासऱ्यांशी मोकळेपणानं बोला. नातवाची काळजी त्यांना खरोखर असेल, तर संमतिपत्रात नाव घालण्यापेक्षा त्यांनी स्वतःचं मृत्युपत्र सुनेच्या नावे करावं.