घंटा वाजली की धस्स होतं

प्रश्न: ताई, चर्च सोडून तीन वर्षं झाली. विश्वास उरला नाही, तरी रविवारची घंटा ऐकली की छातीत धस्स होतं. रात्री नरकाची भीती वाटते. आई बोलत नाही. – एक वाचक, खानापूर

उत्तर: अगं, विश्वास डोक्यातून लवकर जातो, भीती अंगातून निघत नाही. मी चर्च सोडल्यावर पहिल्या गुड फ्रायडेला, मांस वर्ज्य असतं त्या दिवशी, बेळगावच्या बाजारातून मुद्दाम मटण आणलं. शिजवताना हात थरथरत होते, मीठ दोनदा पडलं. खाल्लं कुणीच नाही! राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे उपासाचे 40 दिवस, रविवार वगळून, अजूनही मनात आपोआप मोजले जातात. मोजू देते. चर्चची गीतं आवडतात ना? गा, गळा तुझाच आहे. झोपच उडाली असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मोफत बोल. आईशी वाद नको. नाताळाच्या करंज्या लाटायला मात्र जा.