आफ्रिकेतील पारंपरिक मानवाकृती मूर्ती देवांच्या असतात का? त्यांचे नेमके काम काय?

आफ्रिकेतील जुन्या लाकडी आणि धातूच्या मानवाकृती देवांच्या असतात का व लोक त्यांची पूजा करीत का, असे आपण विचारले आहे. यांतील बऱ्याच आकृती देवांच्या नाहीत. योरुबांचा सर्वश्रेष्ठ देव ओलोदुमारे याची तर मूर्ती सहसा घडवलीच जात नाही. अख्ख्या खंडाला एकच नियम लावणेही चुकीचे ठरेल, म्हणून ही परंपरा जिथे विशेष समृद्ध आहे त्या पश्चिम आणि मध्य आफ्रिकेपुरतेच लिहितो. माझ्या मते तिथल्या मूर्तीला 'पूजा' हा शब्द अपुरा पडतो. मृतांशी, पूर्वजांशी किंवा अदृश्य शक्तींशी चालू असलेले नाते निभावण्याचे ते एक ठिकाण असते.

नैर्ऋत्य नायजेरियातील योरुबा समाजाचे उदाहरण घ्या. तिथे जुळी मुले जन्मण्याचे प्रमाण फार मोठे आहे आणि जुळ्यांचा आत्मा सामाईक असतो, अशी पारंपरिक श्रद्धा आहे. त्यामुळे दोघांतील एक दगावले, तर ते उरलेल्यालाही ओढून नेईल या भीतीने आईवडील बाबालावोचा, म्हणजे इफा पद्धतीने कौल सांगणाऱ्या पुरोहिताचा, सल्ला घेत आणि वीतभराहून थोडी उंच अशी 'एरे इबेजी' नावाची लाकडी मूर्ती कोरून घेत. आई त्या मूर्तीला न्हाऊ-जेवू घाली, तेल आणि तांबडी लाकूडपूड चोळी, केसांना नीळ लावी. मूर्ती गेलेल्या बाळाची असली, तरी ती कोरली जाई प्रौढ स्त्रीची किंवा पुरुषाची, त्यामुळे हुबेहूब चेहरा उतरवणे हा हेतू नव्हता हे उघड आहे. संग्रहालयांतील कित्येक इबेजींचे नाक-डोळे झिजून गुळगुळीत झालेले दिसतात. वर्षानुवर्षांच्या न्हाऊ घालण्याने आलेली ती झीज आहे.

काँगो नदीच्या मुखाकडील काँगो लोकांच्या 'न्किसी न्कोंडी' या आकृतीचे काम वेगळे, काहीसे न्यायालयासारखे होते. सुताराने घडवलेले लाकूड तोवर नुसते लाकूडच असे. 'न्गांगा' हा विधिज्ञ तिच्या पोटातील पोकळीत पांढरी माती, कबरीवरची माती, वनस्पती अशी द्रव्ये भरून ती पोकळी बहुधा आरशाच्या तुकड्याने बंद करी, तेव्हाच ती जागृत होई. पुढे शपथ घेताना, करार करताना किंवा भांडण मिटवताना तिच्यात एकेक खिळा किंवा पाते ठोकले जाई आणि शब्द मोडणाऱ्याला ती शक्ती हुडकून काढील, असे मानले जाई. हे खिळे पाहून पुष्कळांना जादूटोणा आठवतो, पण प्रत्यक्षात ती करारांची नोंदवही आहे. युरोपीयांच्या हाती लागलेल्या अशा अनेक आकृतींच्या पोटातील द्रव्ये आधीच काढून घेतलेली होती, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

गॅबोन-कॅमेरून भागातील फांग लोकांच्या आकृती पूर्वजांच्या कवट्या ठेवलेल्या सालीच्या डब्यांवर राखणीला बसवत. संग्राहकांनी आकृती नेल्या आणि डबे बहुधा मागेच राहिले. आजच्या नायजेरियातील जुन्या बेनिन राज्याच्या राजवाड्यातील पितळी मस्तके मात्र राजकीय होती: नवा ओबा, म्हणजे राजा, दिवंगत पित्यासाठी वेदी उभारी आणि मस्तकाच्या माथ्यावरील छिद्रात कोरीव हस्तिदंत उभा करी. 1897 मध्ये ब्रिटिश सैन्याने ती लुटून नेली.

मूर्तीचे काम आकारात नसून नात्यात असते, असे मी म्हणतो त्याचा उत्तम पुरावा पुन्हा योरुबांकडेच मिळतो. विसाव्या शतकात अनेक कुटुंबांनी कोरीव इबेजीऐवजी बाजारातली प्लॅस्टिकची बाहुली वापरली, आणि काहींनी तर हयात मुलाचाच फोटो शेजारी शेजारी दोनदा छापून घेतला.