विसाव्या शतकात रोमँटिक शैलीत लिहिणारे संगीतकार म्हणजे नुसती नक्कल का? ऐकायचे तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की ब्राम्स, चायकॉव्स्की, रॅखमॅनिनॉव्ह हे रोमँटिक (भावप्रधान, सुरावटीवर भर देणाऱ्या) शैलीचे संगीतकार आवडतात, पण पुढचं बरंचसं डोक्यावरून जातं. तर काळ बदलल्यावरही ज्यांनी जुन्या वळणाचंच लिहिलं ते ऐकण्याजोगे आहेत का, आणि पुण्यात राहून हे ऐकायचं-वाजवायचं कसं.

ऐकण्याजोगे आहेत, आणि त्यातले दोघे-तिघे तर पहिल्या रांगेतले आहेत. सगळेच नाहीत. म्हणून आधी पारख कशी करायची ते सांगतो.

सुरावट गोड आहे की नाही ही कसोटी धरू नका, गोड सुरावट नक्कल करणाऱ्यालाही सुचते. एका सुरावटीतून दुसरीत जाताना काय होतं तिकडे कान द्या. कच्च्या रचनेत चार-चार बारचे (तालाच्या एकेका घराचे) सारखे तुकडे पडतात, तोच तुकडा एक स्वर वर, मग आणखी एक स्वर वर, मग झांजांचा कडकडाट, आणि सगळं थांबून दुसरी थीम (मुख्य सुरावट) सुरू. सांधा उघडा पडतो. चांगल्या रचनेत दुसरी थीम यायच्या आधीच खालचा बास (सर्वांत खालच्या स्वरांची ओळ) सरकू लागलेला असतो. दुसरी खूण म्हणजे थीम परत येते तेव्हा तिच्यात काही फरक पडलाय का. नुसती मोठ्या आवाजात परत आली असेल तर रचनाकाराकडे सांगण्यासारखं फार उरलेलं नाही, असं खुशाल समजा.

पुण्यात बऱ्याच जणांचा कान ख्यालावर तयार झालेला असतो आणि तो षड्ज धरून बसतो. या संगीतात षड्ज हलतो, आणि सगळा जीव त्या हलण्यात आहे. त्यासाठी एक सोपा उपाय आहे. सुरुवातीला जो षड्ज वाटेल तो हळू गुणगुणत राहा. जिथे तो टोचू लागेल तिथे थांबा, वेळ टिपून ठेवा, नवा षड्ज शोधा आणि पुढे चला. पहिल्या दहा मिनिटांचं असं टिपण झालं की रचनेचा नकाशा हातात येतो. हे मोबाइलच्या स्पीकरवर मात्र करू नका. त्यात बास जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि षड्ज का हलला याचं कारण बहुतेक वेळा बासमध्येच असतं. साधा हेडफोनही चालेल.

सुरुवात एरिक कॉर्नगोल्डच्या डी मेजर व्हायोलिन कॉन्चेर्टोपासून (एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचनेपासून) करा. लांबी साधारण २५ मिनिटं. ऑर्केस्ट्राची प्रस्तावना नाही, व्हायोलिन थेट शिरतं आणि पाच स्वरांत दोन सप्तकं चढून जातं. कॉर्नगोल्ड ज्यू होता, व्हिएन्ना सुटल्यावर हॉलिवूडमध्ये सिनेमांना संगीत देत होता, आणि या कॉन्चेर्टोतल्या मुख्य थीम त्याच सिनेमांतल्या आहेत. १९४७ मध्ये व्हायोलिनवादक हायफेट्झने तो सेंट लुइसला पहिल्यांदा वाजवला तेव्हा लोकांना आवडला, पण पुढे न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी सिनेमावाला म्हणून नाकं मुरडली. तुम्ही मात्र साथीत सेलेस्टा, व्हायब्राफोन (दोन्ही घंटांसारखी किणकिणणारी वाद्यं) आणि हार्प काय करतात ते ऐका. सुरावट जुन्या वळणाची आहे, पण तिच्याभोवतीचा तो काचेसारखा रंग ब्राम्सकडे सापडायचा नाही. नक्कल नाही म्हणतो ते यासाठी. हायफेट्झचं १९५३ चं रेकॉर्डिंग वादनासाठी ऐकाच; साथीतले हे बारकावे हवे असतील तर जोडीला अलीकडचं एखादं स्टीरिओ घ्या.

मग रशियन पियानोवादक-संगीतकार निकोलाय मेडनर (१८८०–१९५१). माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत पक्का रचनाकार हाच. रशिया सोडून शेवटी लंडनमध्ये राहिला, पण पैशाची कायम ओढाताण. त्याचं स्वतःचं वादन आज बऱ्याच प्रमाणात ऐकायला मिळतं ते म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांच्यामुळे. १९४० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी पैसा उभा केला, तेव्हा त्याच्या तिन्ही पियानो कॉन्चेर्टोंची रेकॉर्डिंग झाली. तिसरा कॉन्चेर्टो महाराजांनाच अर्पण केलेला आहे. पण तिथून सुरू करू नका, ‘सोनाटा रेमिनिसेन्झा’ हा एकट्या पियानोसाठीचा तुकडा घ्या. पाव तासाच्या आत संपतो. सुरुवातीची साधी, भटकल्यासारखी चाल मध्ये एकदा आणि शेवटी पुन्हा येते. स्वर जवळपास तेच, पण मधल्या खळबळीमुळे ती वेगळीच ऐकू येते. वर थीमच्या परतण्याबद्दल म्हटलं, त्याला हा सुंदर अपवाद आहे. मेडनर पहिल्या ऐकण्यात रुक्ष वाटतो. कारण तो थीम एकामागून एक मांडत नाही, एकीवर दुसरी चढवतो. तीन-चारदा ऐकल्याशिवाय त्याला सोडू नका.

ब्रिटिश संगीतकार जॉर्ज लॉइडबद्दल मी थोडा हात राखून बोलेन. १९४२ मध्ये त्याची युद्धनौका स्वतःच्याच उलट फिरलेल्या टॉर्पेडोने फुटली, तो मानसिकदृष्ट्या खचला, आणि त्यातून सावरताना १९४५-४६ मध्ये त्याने चौथी सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना) लिहिली. ती पहिल्यांदा वाजली १९८१ मध्ये! मधली बरीच वर्षं त्याने कार्नेशनची फुलं आणि मशरूम पिकवून काढली. तासाभराची ही सिंफनी संथ मूव्हमेंटमध्ये (भागात) विलक्षण आहे. शेवटच्या भागात एकापाठोपाठ एक मार्च येतात, तिथे सांधे दिसतात. तरी ऐकाच.

ही मंडळी मागे पडली ती सगळी गुणवत्तेमुळे नव्हे. युद्धानंतर युरोपात अव्हाँ-गार्दचं (परंपरा मोडणाऱ्या नव्या संगीताचं) वजन वाढलं, १९५९ पासून विल्यम ग्लॉक बीबीसीच्या संगीत विभागाचा प्रमुख झाला आणि नव्या शैलीला झुकतं माप मिळालं. सिंफनीला ८०-९० वादक आणि तालमी लागतात. रेडिओने हात काढला की ती कपाटातच राहते.

प्रत्यक्ष ऐकायचं तर मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी मुंबईला एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या सीझनवर लक्ष ठेवा. पियानो आणि चेंबर (मोजक्या वादकांच्या) संगीतासाठी कॅम्पातला मझदा हॉल आहे.

वाजवत असाल तर भारतात एक सोय आहे. आपल्याकडे कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे मेडनर, कॉर्नगोल्ड आणि १९६१ मध्ये वारलेला इंग्रज संगीतकार यॉर्क बोवेन हे तिघेही मोकळे झाले आहेत. जुन्या आवृत्त्यांचे स्कोअर (लिखित स्वरलिपी) आयएमएसएलपी या मोफत संकेतस्थळावर शोधा. नव्या संपादित आवृत्त्यांचे हक्क वेगळे असतात, ते पाहून घ्या. बोवेनचे २४ प्रील्यूड, ओपस १०२, प्रत्येक मेजर-मायनर स्केलमध्ये एक असे आहेत आणि पारशी वडिलांच्या संगीतकार कैखुश्रू सोराबजींना अर्पण केलेले आहेत. पियानोच्या परीक्षांतली आठवी ग्रेड झालेल्याने त्यातले संथ आधी बघावेत.

मेडनरमधून ओपस २६ मधली तिसरी ‘परीकथा’, एफ मायनर, घ्या. तीनेक मिनिटांची आहे. विद्यार्थी ती बहुतेक वेळा पेडलने बिघडवतात. पाय दाबून ठेवला की मधल्या आवाजाची ओळ वरच्या सुरावटीत बुडते आणि सगळं रॅखमॅनिनॉव्हसारखं, पण पातळ, वाटतं. पहिला आठवडा पेडल अजिबात नको. मधली ओळ एकटी वाजवा, मग ती आणि बास, मग ती आणि वरची सुरावट, आणि तिन्ही सुटी ऐकू येऊ लागली की हार्मनी बदलेल तिथे पेडल बदलत पाय वापरा.