भाच्याच्या मेंदूतली रिंग आणि आधी दिलेलं स्टिरॉइड

ताई, तुमचा प्रश्न वाचला. चौदा वर्षांच्या भाच्याला आकडी आली, एमआरआयमध्ये मेंदूत एकच बारीक रिंग निघाली, निदान न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे मेंदूत फीतकृमीची अळी. डॉक्टरांनी अल्बेंडाझोल या जंताच्या गोळीच्या आधी स्टिरॉइड सुरू केलं. स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती दबते, मग जंताशी लढणार कोण? शिवाय घर पक्कं शाकाहारी, तर डुकराचा जंत आला कुठून?

दुसरं आधी उरकते. कच्च्या राहिलेल्या मांसातून येतो तो आतड्यातला लांब फीतकृमी. मेंदूत बसते त्याची अळी, आणि ती येते अंड्यांतून. पोटात फीतकृमी असलेल्या माणसाच्या शौचातून अंडी पडतात, पुढे हात, पाणी, कच्च्या भाज्या. न्यूयॉर्कच्या ऑर्थोडॉक्स ज्यू घरांत डुक्कर वर्ज्य, तरी १९९०च्या आसपास तिथे हाच आजार निघाला होता. कोबीतली हिरवी अळी मेंदूत चढते हा मात्र व्हॉट्सॲपवरचा शोध!

आता मुख्य मुद्दा. मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं स्लाइड बघण्यात घालवली. जिवंत सिस्ट, म्हणजे अळीची गाठ, दिसते भिजवलेल्या साबुदाण्यासारखी: पारदर्शक पिशवी, आत पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं, त्यावर बारीक हुक. आणि आजूबाजूचा मेंदू बघावा तर जवळजवळ शांत. पहिल्यांदा बघणाऱ्या विद्यार्थ्याला हे खरंच वाटत नसे.

कारण मेंदूत पहारेकरी आहेत. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. १९१९ मध्ये पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने चांदीच्या रंगद्रव्याने त्या वेगळ्या ओळखल्या. २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत पाहिलं तेव्हा कळलं, की या पेशी बसल्या जागेवरून आपल्या बारीक फांद्या सतत हलवत आजूबाजूचा भाग चाचपत असतात. लहानशी इजा झाली तरी काही मिनिटांत फांद्या तिकडे वळतात. मग एवढी मोठी अळी कशी सुटते? ती स्वतःच बंदोबस्त करते. तिच्यातली काही प्रथिनं आपल्या रक्तातल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या संरक्षक प्रथिनांच्या यंत्रणेला अडवतात, आणि वर्षानुवर्षं ती बिनबोभाट राहते. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना आकड्या सुरू झाल्या त्या बऱ्याचदा काही वर्षांनी.

अळी मरायला लागली की चित्र पालटतं. पिशवीतलं पाणी गढूळ होतं, आवरण गळतं, आतला माल बाहेर येतो. मायक्रोग्लिया फांद्या आखडून जाडजूड होतात, रसायनं सोडतात, रक्तातून पांढऱ्या पेशी येतात, भोवती सूज येते. रक्त आणि मेंदू यांमधली भिंत तिथे सैल होते, म्हणून एमआरआयसाठी शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्ट द्रव्य झिरपून रिंग उमटते. भाच्याच्या रिपोर्टवरची रिंग ही बहुतांशी त्याच्या स्वतःच्या पेशींची धावपळ आहे, आणि आकडी त्या धावपळीतून आली.

म्हणून स्टिरॉइड आधी. अल्बेंडाझोलने उरलीसुरली अळी मेली की आणखी माल एकदम बाहेर पडेल, सूज भडकेल. मारायचं काम गोळीचं, स्टिरॉइड फक्त गोंधळ आवरतं. मेंदूत पुष्कळ सिस्ट असून सगळीकडे सूज असेल तर जंताचं औषध टाळतात, आधी सूजच उतरवतात. गोळीपूर्वी डोळे तपासून घेतात तेही यासाठीच; डोळ्यात सिस्ट मेली तर नजर जाऊ शकते.

आपल्याकडे पूर्वी अशा रिंगला टीबीची गाठ समजून महिनोन्‌महिने टीबीची औषधं देत. १९८०च्या दशकात वेल्लोरच्या डॉक्टरांनी काही गाठी काढून तपासल्या तेव्हा आत हा जंत निघाला. अशा एकुलत्या छोट्या रिंगा पुष्कळदा आपोआपही विरतात.

हा हिशेब सगळ्या परजीवींना लावू नका. टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी मेंदूच्या पेशींत दबून राहतो तो प्रतिकारशक्तीच्या धाकाने; एचआयव्हीत ती ढासळली की तो उसळतो.

पुढच्या एमआरआयला एकच विचारा: रिंग पूर्ण गेली, की कॅल्शियमचा ठिपका राहिला? ठिपक्याभोवती नंतरही सूज येऊ शकते, म्हणून आकडीच्या गोळ्या किती दिवस हे त्यावर ठरतं. मनाने बंद करू नका. आणि घरातल्या सगळ्यांची, स्वयंपाकाला कोणी येत असेल तर त्यांचीही, शौचाची तपासणी करून घ्या.