न्यू डेन्व्हरला जाताय? मग ऑर्चर्डपासून सुरुवात करा

तुम्ही पहिल्यांदाच कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यू डेन्व्हरला निघालात, म्हणून सांगते. स्लोकन तलावाचे फोटो काढून लगेच परतू नका. जेमतेम ५०० वस्तीचं हे गाव १८९१ मध्ये आसपास चांदी सापडल्यावर वसलं. आधीचं नाव एल्डोराडो. चांदीची गोष्ट शेजारच्या ओसाड पडलेल्या सँडन गावात जास्त चांगली कळते.

इथे मात्र ऑर्चर्ड भागात सावकाश फिरा. १९४२ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, कॅनडा सरकारने पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सुमारे २२,००० जपानी-कॅनेडियन लोकांना घरांतून उठवलं. त्यातली कित्येक कुटुंबं इथे ओल्या लाकडाच्या झोपड्यांत राहिली. हिवाळ्यात भिंतींवर आतून बर्फ धरायचा. घरं, होड्या सरकारने विकून टाकल्या, आणि किनाऱ्यावर परतायची मुभा १९४९ मध्ये मिळाली. काही जण मग इथेच राहिले, हे मला फार मोठं वाटतं.

निक्केई (म्हणजे परदेशी वसलेले जपानी वंशाचे लोक) स्मारक केंद्रात त्यातल्या काही मूळ झोपड्या जपल्या आहेत. ते उन्हाळी हंगामातच उघडं असतं, तेव्हा तारखा आधी बघा. आत गेल्यावर दोन कुटुंबांनी वाटून घेतलेली ती जागा नजरेने मोजा. मग तलावाकाठच्या कोहान बागेत थोडा वेळ बसा.