दहशतवादाला उत्तेजन देण्याविरुद्धच्या कायद्यावर ब्रिटनचे खासदार पक्षाचंच ऐकतात का?

बहुतेक वेळा ऐकतात, पण या कायद्यावर पुष्कळांनी ऐकलं नाही. जुलै २००५ च्या लंडन बॉम्बस्फोटांनंतर ब्लेअर सरकारने विधेयक आणलं. २ नोव्हेंबरला दहशतवादाला उत्तेजन देण्याच्या कलमावर सरकार ३०० विरुद्ध २९९, म्हणजे फक्त एका मताने वाचलं! आठवड्याने संशयिताला आरोपाविना ९० दिवस कोठडीत ठेवण्याची तरतूद ३२२ विरुद्ध २९१ अशी पडली. ब्लेअर यांच्या मजूर पक्षाचेच ४९ खासदार विरोधात गेले. पुढे लॉर्ड्सनी, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, दहशतवादाच्या उदात्तीकरणाचा उल्लेख वगळला, तर फेब्रुवारी २००६ मध्ये कॉमन्सने (कनिष्ठ सभागृहाने) ३१५ विरुद्ध २७७ मतांनी तो परत घातला.

तिथे मतदानाची घंटा वाजली की खासदार उठून 'होय' किंवा 'नाही'च्या दालनातून चालत जातात, दाराशी मोजणी होते आणि नावं छापली जातात. म्हणजे कोण कुठे उभा राहिला ते मतदाराला कळतं.

आपल्याकडे व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षाचा आदेश, मोडला तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली (पक्षांतरबंदी कायदा) खासदारकी जाऊ शकते. तिथे पक्ष फार तर हकालपट्टी करतो, जागा शाबूत राहते. माझ्या मते ते ४९ जण उभे राहू शकले, त्यात याचा वाटा मोठा आहे.